टाळीची परीक्षा

देवपूरच्या आमच्या रायफल रेंजवर टार्गेटचे कागद लावणारा एक माणूस आहे. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठा, तरी आम्ही त्याला अरेतुरेच करतो. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघतो, ते आम्हाला उर्मटपणाचं वाटायचं.

हौशी नेमबाजाने काय घ्यावं, हे मात्र त्यालाच विचारावं. चष्मा हार्डवेअरच्या दुकानातला, ग्राइंडरवाले लावतात तो, पण कडेने झाकलेला. कानांवरचे मफ स्वस्तातले चालतील, पण गादी घट्ट बसली पाहिजे. ते तपासायला तो मागे उभा राहून हलकी टाळी वाजवतो. तुम्ही वळलात की मफ बाद. त्याच्या स्वतःच्या कानांत कापूस असतो. क्लबने त्याला कधी मफ दिले नाहीत, आम्हीही कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात त्याने टाळी वाजवली आणि मी वळलो. माझ्या मफच्या गादीला चीर पडली होती. "फेकी द्या भाऊ हाई," तो म्हणाला.

मी नवे घेतले आणि जुने त्यालाच दिले. "ठेव तुला," असंही उदारपणे म्हणालो.

त्याने कापूस काढून ते चढवले आणि पाठ केली. "वाजाडा टाळी." मी वाजवली. तो हलला नाही. मफ काढून हसत म्हणाला, "काहीच ऐकू ऊनं नही, भाऊ. तुमनाच कान तिखट शेत."

ते खुंटीला अडकवायला तो वळला, तेव्हा त्याच्या उघड्या कानांमागे मी पुन्हा टाळी वाजवली, चांगली जोरात. तो शांतपणे खुंटी चाचपत राहिला.