उसन्या घराचा पंचनामा

भूमच्या तहसीलमध्ये मी निराधारांची प्रकरणं तपासत असे, तेव्हा माझ्या टेबलाला सगळे 'चाळण' म्हणत. मला ते नाव आवडायचं. ज्यांना खरोखर कुणी नाही, अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, विधवांना, अपंगांना सरकार महिन्याला थोडे पैसे देतं. गावात त्याला 'पगार' म्हणतात. मंजुरी देणारे लोक वेगळे. माझं काम मंजुरीनंतरचं. ज्याला पगार जातोय तो अजून पात्र आहे का, फायलीत लिहिलंय तसंच घरात आहे का, हे बघायचं, आणि नसेल तर पगार बंद करायचा. माझं माहेर तुळजापूरचं, मास्तर-कारकुनांचं. दुसऱ्याच्या कागदातली चूक काढली की आमच्या घरात जेवण गोड लागतं.

आणि चुका तरी कशा! एका गृहस्थांनी अर्जात 'मूलबाळ नाही' असं लिहिलं होतं. एक दिवस तेच गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याच कचेरीत हजर, मुलाच्या लग्नाचं निमंत्रण द्यायला. "समद्यांनी यायचं बरं का, म्याडम." मी पेढा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नोटीस काढली. आमचा शिपाई म्हणाला, "अहो, निदान पेढा तरी खायचा नव्हता." मी म्हटलं, "पेढा लग्नाचा होता, नोटीस प्रकरणाची आहे."

लपवण्यात लोक पटाईत असतात. तपासणीला कुणी येणार म्हटलं की टीव्ही शेजारी जातो, मोटारसायकल कडब्याच्या गंजीमागं जाते. एका घरी फ्रिजवर लाल कापड टाकून वर देव मांडले होते. मी भक्तिभावानं वाकून नमस्कार केला, तर देव्हारा आतून गुरगुरत होता. अशा अनुभवांनी माझे डोळे झाकलेलं शोधायला सरावले होते. मुद्दाम मांडून ठेवलेलं बघायची वेळ कधी आलीच नव्हती. ती आली ईट नावाच्या गावात.

ईटमधल्या एका आजींची फेरतपासणी करायची होती. तक्रार काही नव्हती, नेहमीचीच फेरी होती. नवरा जाऊन खूप काळ झालेला, मूल नाही, शेत नाही. आदल्या दिवशी मी गावच्या कोतवालाला फोन करून ठेवला. कोतवाल म्हणजे महसूल खात्याचे गावातले हातपाय. त्याला एवढंच सांगितलं, की आजींना घरी थांबायला सांगा. त्यानं गल्लीत जाऊन सांगितलं, "उद्या भूमहून म्याडम येणार हायत. घर बघणार हायत." त्या बिचाऱ्याची यात काहीच चूक नव्हती.

पौषाचे दिवस होते. सकाळच्या एसटीनं मी ईटला उतरले तेव्हा वारं नुसतं झोंबत होतं. कोतवालाच्या मागोमाग मी त्या गल्लीत शिरले. घर पत्र्याचं, एका खोलीचं. इथवर फायलीशी जुळत होतं. दारात पाय टाकला आणि मी थबकले.

खोलीत फुलाफुलांची चादर घातलेला लोखंडी पलंग होता. दोन खुर्च्या होत्या. भिंतीवर घड्याळ, फळीवर मिक्सर, कोपऱ्यात लखलखीत पितळी हंडा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे स्टुलावर एक पंखा फुल्ल स्पीडनं फिरत होता. मी स्वेटर घालून, कानाला स्कार्फ बांधून उभी, आणि समोर पंखा!

आजी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, फोटो काढायला बसवल्यासारख्या. अंगावर नुकतीच घडी मोडलेलं कोरं इरकल लुगडं, आणि चोळी अशी, की तिच्यात त्यांच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. थंडीनं त्यांचे दात वाजत होते.

"पंखा बंद करा हो," मी म्हटलं.

"असू द्या, असू द्या. हितं चालूच असतोय," असं म्हणत एक बाई पुढं आली. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. ही शेजारीण. तिनं मला जवळजवळ दाबूनच पलंगावर बसवलं आणि हातात सुशीलाची बशी दिली. मुरमुऱ्यांचा तो गरम उपमा, वर शेंगदाणे, कोथिंबीर. बाहेरचं खायचं नाही हा माझा नियम, पण सुशीला समोर आलं की माझे नियम जरा सैल पडतात. मी खाल्लं, आणि खाता खाता मनात हिशेब मांडला: ही फाईल चाळणीतून गळली.

जबाब घ्यायला सुरुवात केली.

"आजी, तुम्हाला सांभाळतं कोण?"

आजींनी शेजारणीकडं पाहिलं. "समदीच सांभाळतेत की."

"जेवणाचं काय?"

"काय कमी हाय माय मला? टायमाला भाकर, टायमाला कोरड्यास."

"अडचण काही?"

"लई मजेत हायती," शेजारणीनं परस्पर उत्तर दिलं. "कशाची अडचन न्हाय बगा. आमच्या गल्लीत कुनाला अडचन नसती."

मी लिहीत होते. खरं सांगायचं तर मला त्या म्हातारीचा राग आला होता. इतक्या राजरोस, पंखा लावून, सरकारला फसवायचं! निदान लपवायचे कष्ट तरी घ्यावेत माणसानं.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, डोळे लाल. मला बघून त्यानं नमस्कार केला आणि तिथंच भिंतीला टेकला. जाईना, बोलेना. जांभया मात्र एकामागून एक. शेजारीण त्याला डोळ्यांनी काहीतरी दटावत होती.

"काय हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

"काय न्हाय म्याडम. तुमचं होऊ द्या निवांत."

पुन्हा जांभई. शेवटी कोतवालाला राहवलं नाही. तो माझ्या कानाशी लागला, "म्याडम, शेतीची लाईट सध्या रात्रीची असती. त्ये रातभर ज्वारीला पानी देऊन आलंय. तुमी बसला न्हवं, त्यो त्याचा पलंग हाय. त्याला झोपायचंय."

मी चटकन उठले, आजीही खाली उतरल्या. मी उठल्याबरोबर तो पुढं आला, "बसा की, बसा की," असं म्हणत स्वतःच टेकला, आणि माझं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत आडवा होऊन घोरायला लागला.

त्याच्या पाठोपाठ पलीकडच्या घरची सून आली. पदर तोंडाशी धरून शेजारणीला हळूच म्हणाली, "काकू, मिक्सर झाला का? चटनी वाटायची राहिलीय." मी पंख्याच्या वायरीकडं पाहिलं. ती खिडकीतून बाहेर, गल्ली ओलांडून समोरच्या घरात गेली होती. आजींच्या खोलीत बटण तर सोडाच, एक बल्ब होता तोही विझलेला.

माझा पारा चढला. "हे काय चालवलंय तुम्ही? कुणाचं आहे हे सगळं?"

"आमचंच हाय," शेजारीण म्हणाली. "गल्लीचं. हंडा माझा, खुर्च्या समोरच्यांच्या. तालुक्याहून मानूस येनार, म्हातारीच्या घरात बसायला एक पाट न्हाय. कशी दिसली असती आमची गल्ली? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्याडम."

"अहो बाई, इथं मूठ उघडल्याशिवाय पगार मिळत नाही! मी बघायला आले होते की आजींकडं काही नाही. तुम्ही त्यांना शेठाणी करून बसवलंत. हे मी असंच लिहून नेलं असतं तर पुढच्या महिन्यापासून पगार बंद झाला असता. कळतंय का?"

शेजारणीचा चेहरा पडला. इतका वेळ त्या खोलीत जो आवाज भरून राहिला होता तो एकदम गेला. पलंगावरचं घोरणं तेवढं राहिलं.

आजी मात्र हसल्या. "म्या म्हनतच होते हिला, फ्यान नको, थंडी वाजती म्हनून."

मग मी पंखा बंद केला आणि त्यांना नीट विचारलं, पगार आला की काय करता? म्हणाल्या, "बीपीच्या गोळ्या आनते. आन गूळ, च्यापत्ती. भाकर हिची खाते, कोरड्यास हिचंच खाते. पर सकाळचा च्या माझा असतोय. ही रोज येती माझ्याकडं च्या प्याला. आपलं बी कायतरी लागतंच की मानसाला, नुसतंच कसं खायाचं?"

मी कामाला लागले. ओरडून सगळ्यांना सांगितलं, ज्याचं त्यानं घेऊन जा. मिक्सर गेला, घड्याळ गेलं, खुर्च्या गेल्या. हंडा शेजारणीनं स्वतः कमरेवर घेतला. पलंग मात्र निघेना, कारण त्याचा मालक उठेना. शेवटी कोतवाल आणि दोन माणसांनी त्याला पलंगासकट उचलून त्याच्या घरी नेऊन ठेवलं. गल्लीत हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. मीही हसले, सरकारी कामात हसू नये हे माहीत असूनही.

आजी आडोशाला जाऊन आपलं विटकं लुगडं नेसून आल्या आणि पोतं अंथरून मला म्हणाल्या, "आता बस माय. ह्ये माझं हाय."

त्या पोत्यावर बसून मी पंचनामा लिहिला. एक चूल, चार भांडी, एक पेटी, गोधड्या. पहिली जांभई ऐकेपर्यंत जी फाईल मी बंद करणार होते, ती आता माझ्या मते तालुक्यातली सगळ्यात खरी फाईल होती. मला फार बरं वाटत होतं. आता पंचांच्या दोन सह्या झाल्या की मी दुपारची एसटी गाठणार होते. एक सही समोरच्या घरच्या म्हाताऱ्यांनी केली. दुसरी शेजारणीनं करावी असं मीच म्हटलं, आजींना तिच्याइतकं जवळून कोण ओळखत होतं?

ती सातवी शिकलेली. तिनं कागद घेतला आणि ओळीखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागली. वाचता वाचता शेवटच्या छापील वाक्याशी आली. "सदर लाभार्थी महिलेस सांभाळणारे कोणीही नाही."

तिनं पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. मग पेन पोत्यावर ठेवलं.

"ह्ये खोटं हाय. म्या सही करनार न्हाय."

"अहो, ते कायद्याचं वाक्य आहे. रक्ताचं कुणी नाही, एवढाच अर्थ."

"मग तसं लिवा."

तसं लिहिता येत नव्हतं. छापील वाक्याला हात लावला की प्रकरण 'त्रुटी' म्हणून परत येतं, आणि परत आलेलं प्रकरण मार्गी लागेपर्यंत पगार थांबतो. असे शेरे मारून मी स्वतः किती कागद परत धाडले होते! मी दुसऱ्या कुणाला बोलवावं म्हणून दाराकडं पाहिलं. तिथं जमलेल्या बायकांनी ते वाक्य ऐकलं होतं. एकही पुढं येईना.

"हिला ताप आला तवा उशाला कोन बसलं?" शेजारीण बोलत होती. "हिच्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा एसटीनं कोन घेऊन गेलं? आन माझ्या हातानं लिवून देऊ, की हिला कुनी न्हाय? मग म्या कोन?"

इतकी वर्षं मी खोट्या कागदावर बिनदिक्कत सह्या ठोकणारी माणसं पकडत आले. कागदात खोटं आहे म्हणून सही नाकारणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि नेमका त्याच्या खरेपणानं पगार जात होता. "केली नाहीत सही तर पैसे बंद होतील हो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"होऊ द्या बंद. म्या घालते तिला जेवायला. पर ह्ये न्हाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कोतवाल आपल्या चपलांकडं बघत होता.

आजी भिंतीचा आधार घेत उठल्या. पोत्यावरचं पेन उचललं, पदरानं पुसलं आणि शेजारणीच्या बोटांत स्वतःच्या हातानं अडकवलं.

"कर सही," त्या म्हणाल्या. "कागद जाऊ दे भूमला. तू तर हितंच हायस न्हवं?"

शेजारणीनं नाक ओढलं, कागद मांडीवर घेतला आणि सही केली.