देवाची पाठ

आमच्या देवळातला विष्णू आडवा आहे. एकाच दगडातून काढलेला, शेषावर निवांत पहुडलेला. पूजा कधीच बंद झाली. आता लोक नुसते बघायला येतात. मी तिथे दगडाच्या डागडुजीला होतो आणि काडी मूर्ती पुसायला.

काडी हे नाव तरुणपणचं. तेव्हा तो होताही तसा. मूर्ती आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरून देवाची पाठ पुसून यायचा. ती पाठ कुणालाच दिसत नाही.

"कोण बघतंय रे?" मी म्हणायचो.

"तू भिंतीतला आतला दगड वाकडा बसवतोस का?"

मी हसून थापी उचलायचो.

पुढे काडीचा ओंडका झाला. तरी पोट ओढून, श्वास कोंडून शिरायचा आणि लालबुंद होऊन निघायचा. देवळाची देखरेख बघणाऱ्या साहेबांनी ते पाहिलं. म्हणाले, "उद्या माझ्यासमोर आत जायचं. नाही जमलं तर बागेत पाणी घालायचं."

दुसऱ्या दिवशी गडी देवाच्या खांद्यापाशी अडकला.

"मिस्त्री, भिंत फोड!"

"एवढी जुनी भिंत तुझ्या पोटापायी फोडू?"

मी त्याच्या बायकोला बोलावून आणलं. वहिनी शिडशिडीत. तिनं फटीत डोकावून पाहिलं.

"अहो, काल परत वाढ, परत वाढ कोण म्हणत होतं?"

"आधी बाहेर काढ, मग भांड!"

साबणाचं पाणी ओतलं आणि दोघांनी ओढलं. माणूस आला, सदऱ्याची बाही आत राहिली. ती आणायला वहिनी शिरली, ती सहज चालत. बराच वेळ झाला तरी येईना.

"फडकं द्या हो."

"कशाला?"

"इथं खालच्या अंगाला कधी हात लावलाय का? बोटभर धूळ आहे!"

"आत वाकता येत नाही," काडी पुटपुटला.

"मला येतंय की."

मला हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून गिळलं.

साहेबांनी ते काम वहिनीला दिलं. काडी बागेत गेला. पण पाठ पुसायची वेळ झाली की नळ बंद करून फटीच्या तोंडाशी बादली घेऊन हजर.

"डावीकडे राहिलं बघ."

"तुम्हाला दिसतंय का तिथून?"

दिसत नव्हतंच. फडकी मात्र अशी पिळून द्यायचा की थेंब गळायचा नाही.