मिठाचा दगड

आमच्या तात्याबाला कुणी देवाचा माणूस म्हटलं की तो तिथून उठून जातो. लोकांना वाटतं, केवढा हा विनय!

केडगाव स्टेशनपासून भीमेच्या अंगाला एका कारखान्याची रेल्वे लाईन जायची. कारखाना बुडाला, रूळ भंगारात गेले, उरला तो मुरमाचा भराव. दोन्हीकडचे शेतकरी दर नांगरटीला त्यात हातभर घुसायचे. त्यांतल्या भिमाजीनं तर जेसीबी लावून मुरूम विकायला काढला होता.

तात्याबाची वस्ती या भरावाला लागून. अर्धा जन्म मेंढरं राखली, मग कांदा करायला लागला. मुलगा बिरदेव शिक्रापूरला कंपनीत, बायकोसकट तिथंच भाड्याच्या खोलीत. नात प्रगती मात्र आजी-आजोबांकडे. भरावावरून सायकल हाणत ती केडगावच्या शाळेत जायची. दुसरी वाट डांबरी रस्त्याची, आणि त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर.

पोरीची वाट वाचवायची कशी? अर्ज-विनंत्या तात्याबाला जमत नव्हत्या. त्याला एकच कुंपण ठाऊक होतं. ज्या दगडावर तो मेंढरांना मीठ घालायचा, तो त्यानं गुपचूप भरावावर नेऊन उभा केला, वर भंडारा टाकला. सायकलपुरती जागा शेजारी ठेवली. बायकोला, बानूबाईलासुद्धा, बोलला नाही.

नांगर थांबले. जेसीबी मागं फिरला. तात्याबा मिशीत हसायचा.

पुढं याच भरावावरून सरकारची सायकल मार्गाची योजना आली. अनुपमा मॅडम नावाच्या इंजिनिअर मोजणी करत हिंडू लागल्या. कुणी सातबारा नाचवला, कुणी भरावावर गोठा बांधून मोकळा झाला. बाईनं एकेकाची समजूत घातली. शेवटी आडवा आला तो दगड. तोवर त्याच्यावर पत्र्याचा मंडप चढला होता, मेंढरांनी चाटून पाडलेल्या खळग्याला लोक देवाचं पाऊल म्हणत होते, आणि कमिटीचा अध्यक्ष झाला होता भिमाजी. मुरूम विकणाराच!

"देव हलणार न्हाई. बाजूनं न्या," तो सभेत म्हणाला. बाजूला त्याचाच ऊस होता, तो काही द्यायला तयार नव्हता.

तात्याबा उभा राहिला. "आरं, त्यो देव न्हाई. माझ्या मेंढरांचा मिठाचा दगड हाय. म्याच ठिवलाय त्यो."

भिमाजी पुढं आला आणि वाकून त्याच्या पाया पडला. "म्हंजी देवानं तुमच्याच हातनं ठिवून घेतला, आबा!"

टाळ्या पडल्या. मला त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटलं, पण मीही बसूनच राहिलो. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मॅडमनी फाईल मिटली, निधी दुसऱ्या तालुक्याला गेला. पाठोपाठ मंडपाला भिंती आल्या आणि सायकली देवाजवळून नकोत म्हणून भरावाला फाटक लागलं.

प्रगती डांबरी रस्त्यानं जायला लागली. उसाच्या हंगामात वळणावर मागची ट्रॉली तिच्या अंगावर झुकली. जीव वाचला. गुडघा वाकत नाही, शाळा बंद झाली.

बानूबाईनं नवस बोलला, तोही त्याच दगडाला. दर रविवारी ती नातीला तिथं नेते. भराव चढताना पोरीला उचलून घ्यावं लागतं, म्हणून तात्याबालाही जावं लागतं. तो बाहेर, दगडाकडं पाठ करून बसतो.

परवा मीही गेलो होतो. प्रगतीनं त्या खळग्यात हात ठेवला आणि आजोबाला हाक मारली.

"आबा, ह्याला तुमीच आणलंय ना? मग तुमचं ऐकंल त्यो. सांगा ना त्याला, माझा पाय वाकू दे."

तात्याबा उठला, आत गेला आणि आपल्या मिठाच्या दगडापुढं त्यानं हात जोडले.