कागदाला दार

दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. मी मानेसरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते, बाहेर नुसता पांढरा धूर, आणि फोनवर आमच्या क्लबच्या ऑनलाइन कट्ट्याचं नोटिफिकेशन आलं. मेश्राम काकूंनी या अंकाच्या शब्दकोड्याच्या धाग्यावर काहीतरी लिहिलंय. मला एकदम बरं वाटलं, कारण दहाएक दिवस त्या गायब होत्या. उघडलं. ‘आई आज पहाटे गेली. अजिंक्य.’ एवढंच. त्यांच्या मुलानं आईचा फोन उघडला, समोर कट्टा दिसला, त्यानं तिथेच लिहून टाकलं होतं... आणि त्याखाली एकामागून एक प्रतिसाद. मिळाला. मिळाला. मिळाला. मिळाला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, काय ही माणसं! पण कोड्याच्या धाग्यावर ‘मिळाला’ या एका बटणाशिवाय कुणाला काही लिहिताच येत नव्हतं, फक्त संपादकांच्या खात्यातून मोकळं लिहिता यायचं. ती सेटिंग मीच केली होती. लोकांच्या हातात एकच शब्द होता, तो त्यांनी दिला. निरोप मिळाला, असा. मी तिथेच बसल्या बसल्या सेटिंग काढली, आणि शेजारची मुलगी विचारत होती, “क्या हुआ यार?” आता तिला कुठून सुरू करून सांगणार होते मी!

तुम्हाला सांगते. दिल्लीत आमचा मराठी शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा एक क्लब आहे, कोडेकर क्लब. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, सगळीकडून मेंबर. दर तीन महिन्यांनी क्लबचा छापील अंक निघतो, ‘आडवं-उभं’. त्यात एक मोठं कोडं, थोडी पत्रं, आणि मागच्या कोड्याची उत्तरं. मेश्राम काकू संपादक. मूळच्या नागपूरच्या, इथे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये त्या आणि अजिंक्य दोघंच. आम्ही सरोजिनी नगरला, म्हणजे चालत जाण्यासारखं. माझे बाबा मेंबर होते म्हणून मी ओढली गेले, कारण क्लबला एक ऑनलाइन कट्टा बनवून हवा होता आणि मी आयटीवाली. मी दोन रविवारांत बनवून दिला. मग मला चांगलाच जोर चढला. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, “काकू, प्रिंट कोण वाचतं आता यार, बंद करा ना, सगळं कट्ट्यावरच टाकू!”

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. “यार कोणाला म्हणून राहिली गं?”

सगळे हसले. पण मी सोडते का! पुढच्या रविवारी चार पानांचा प्लॅन घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी शांतपणे वाचला, लाल पेननं माझी ऱ्हस्व-दीर्घ सुधारली, आणि खाली ऑफिसच्या फायलीवर लिहितात तसं लिहिलं, ‘कृपया चर्चा करावी.’ मी समोरच बसले होते! मग चहा केला, आणि चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, अंक बंद होणार नाही, पण अंकातून कट्ट्यावर जायला वाट पाहिजे, आणि कट्ट्यावरून अंकात यायला पण. मी म्हटलं, सोपंय, कोड्याच्या शेजारी क्यूआर कोड छापू, स्कॅन केलं की त्या कोड्याचा धागा उघडेल. त्या म्हणाल्या, “म्हणजे कागदाला दार ठेवायचं.” मला ते इतकं आवडलं की मी कोडच्या खाली तसंच छापून टाकलं, ‘हे दार आहे.’

आणि मग मी घोळ घातला. दार सरळ उत्तरांमध्ये उघडत होतं. झालं असं की पोस्टानं अंक पोचायच्या आधीच मी हौसेनं कोड्याची पीडीएफ कट्ट्यावर टाकली. गुडगावच्या तरुण मंडळींनी त्याच संध्याकाळी अख्खं कोडं सोडवून उत्तरं धाग्यावर लिहिली. मी तर खूश, काय एंगेजमेंट आहे! चार दिवसांनी म्हाताऱ्या मेंबरांच्या घरी अंक पोचले. नातवंडांनी कौतुकानं फोन धरून स्कॅन केलं, आणि स्क्रीनवर एक आडव्यापासून शेवटच्या उभ्यापर्यंत सगळी उत्तरं. गाझियाबादच्या देशपांडे आजोबांनी पेन्सिलला टोक काढून नुकताच अंक उघडला होता. त्यांचा काकूंना फोन आला, “संपलं का हो या वेळचं?”

काकू ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या आमच्या घरी आल्या, माझ्या आईनं दिलेला चिवडा खाल्ला, आणि म्हणाल्या, “उत्तरं तर मी त्याच अंकाच्या मागच्या पानावर छापू शकते ना? मग तीन महिने काऊन थांबते मी?” मग देशपांडे आजोबांचं सांगायला लागल्या, “त्यांची बायको गेली मागच्या वर्षी. ते एका शब्दासाठी दहा जणांना फोन करतात. शब्द आला की फोन संपते.” मग मला मेट्रोनं आणि पुढे ऑटोनं गाझियाबादला घेऊन गेल्या. आजोबांनी माझी माफी पूर्ण होऊच दिली नाही. म्हणाले, “तीन महिन्यांचं राशन एका दिवसात खायला घातलंस मुली. पोट बिघडलं.” आणि स्वतःच मोठ्यानं हसले. परतताना काकू मेट्रोत म्हणाल्या, “दार असू दे. पण दाराला कडी लाव.”

ती कडी म्हणजे ते ‘मिळाला’ बटण. धाग्यावर शब्द लिहायचाच नाही. फक्त कितवा ते निवडायचं आणि बटण दाबायचं. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काकूंना फोन करायचा, मग काकू त्यांच्या नावानं लिहायच्या, ‘देशपांडे, गाझियाबाद, १४ उभा, मिळाला.’ त्या कट्ट्यावरच्या प्रत्येक वाक्याखाली पत्रासारखं ‘आपली, सु. मेश्राम, संपादक’ टाकायच्या. मी शंभरदा सांगितलं, काकू, नाव आपोआप येतं! “येऊ दे ना. मी माझं लिहिते.” आणि अंकात एक नवीन पान सुरू केलं, कोणाला कुठला शब्द किती दिवसांनी सापडला त्याच्या गमती. त्या पानात आजोबांनी वाचलं की १४ उभ्यावर गुडगावची एक मुलगी पण त्यांच्याइतकीच तीन आठवडे अडकली होती. त्यांनी तिचा नंबर मागून घेतला. ती आता त्यांना रविवारी भेटायला जाते! एका कोड्याच्या चौकोनातून हे झालं, मला अजून भारी वाटतं.

भांडणंपण व्हायची हां. एकदा काकूंनी शोधसूत्र दिलं, ‘जुडीने मिळतो, इडलीला चालत नाही, तीन अक्षरी.’ कुणाला म्हणजे कुणालाच येईना. उत्तर छापून आलं, सांबार. कारण नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात! कट्ट्यावर गप्पांच्या धाग्यात नुसता दंगा. आमचे सेक्रेटरी कुलकर्णी काका पुण्याचे, त्यांनी लिहिलं, हा शब्द या अर्थानं मराठीत नाही. काकूंचं उत्तर आलं, ‘माझ्या आईच्या मराठीत आहे. आपली, सु. मेश्राम, संपादक.’ खाली एकसष्ट लाइक. कुलकर्णी काकांनीसुद्धा शेवटी दिला, बासष्टावा.

आजारपण त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मलाही नाही. दसऱ्याच्या सुमारास गेले तेव्हा खूप बारीक दिसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ऑफिसात बदल्यांचा सीझन आहे, धावपळ. मग मला विचारलं, “कट्ट्याचा पासवर्ड अजिंक्यला माहीत असावा का गं?” मी तंद्रीत म्हटलं, “कशाला? तुम्ही आहात ना!” त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला... ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी इतकी फास्ट टाइप करते, इतकी फास्ट बोलते, आणि समोरचा माणूस काय विचारतोय ते मला कळलं नाही.

त्या गेल्या त्या दिवशी क्वार्टरसमोर पांढऱ्या कपड्यांतली खूप माणसं होती. बुद्धवंदना झाली. देशपांडे आजोबा त्या गुडगावच्या मुलीचा हात धरून आले होते. अजिंक्य मला म्हणाला, “सॉरी यार, चुकीच्या ठिकाणी लिहिलं का मी ते?” मी म्हटलं, बिल्कुल नाही. बरोबर ठिकाणी लिहिलंस.

मग दोन आठवड्यांनी कुलकर्णी काकांचा फोन. खूप प्रेमानं बोलले. म्हणाले, “बेटा, आता अंक कोण काढणार? कोडं कोण रचणार? तू पहिल्यांदा सांगत होतीस तेच करू. छापील बंद, सगळं कट्ट्यावर. तू हो म्हण, मी मेल टाकतो.” माझाच प्लॅन होता ना तो, चार पानांचा! हो म्हटलं असतं तर देशपांडे आजोबांसारख्या तेवीस जणांच्या घरी काही येणं बंद झालं असतं. नाही म्हटलं असतं तर कोडं मला रचायला लागलं असतं, आणि खरं सांगते, मला शब्दच येत नाहीत. मी दिल्लीत वाढले. आईनं ‘उंबरठा’ म्हटलं की माझ्या डोक्यात आधी दहलीज येतं. मी दोन रात्री चौकोन आखून बघितले, सहा शब्दांवर गाडी अडकली, त्यातले दोन हिंदी निघाले. मी काकांना म्हटलं, रविवारपर्यंत सांगते. पण मनात माझं ठरलं होतं. हो म्हणणार होते.

शनिवारी अजिंक्यनं बोलावलं. क्वार्टर सोडायला मुदत होती, पण त्याला तिथे एकट्याला राहवत नव्हतं. म्हणाला, क्लबचं सामान घेऊन जा. सामान म्हणजे काय, जुन्या अंकांचे दोन गठ्ठे आणि काकूंचं लिहायचं टेबल. टेबलावर जाड काच होती. त्यावर नेहमी इतके कागद असायचे की काचेखाली काय आहे ते मी कधी बघितलंच नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून काच उचलली. खाली सगळीकडे चिठ्ठ्या. भाजीच्या बिलामागे, बसच्या तिकिटामागे, ऑफिसच्या लिफाफ्याच्या कोपऱ्यावर. प्रत्येक चिठ्ठीवर कुणाचं तरी एखादं वाक्य, खाली नाव, आणि कट्ट्यावरची तारीख. आम्ही इकडच्या तिकडच्या धाग्यांवर ज्या फालतू गप्पा मारायचो ना, जेवण, ट्रॅफिक, घरमालक, त्यातून त्या वेचून ठेवत होत्या. पुढच्या कोड्यांसाठी. मला वाटायचं अंक कट्ट्याला चालवतो, इथे तर कट्टाच अंकाला चालवत होता...

एका चिठ्ठीवर माझं नाव होतं. ‘भिंतीचा खिसा, तीन अक्षरी.’ मला काही आठवेना. फोनवर कट्टा शोधला तर सापडलं. मी मेहरौलीच्या एका जुन्या मकबऱ्याचा फोटो टाकून लिहिलं होतं, या भिंतींना खिसे का असतात, यात ते लोक दिवे ठेवायचे का? खाली सगळ्यांनी हसून लोळणाऱ्या इमोजी टाकल्या होत्या. काकूंनी तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं. चिठ्ठीवर मात्र त्यांच्या अक्षरात खाली होतं, ‘हिला शब्द माहीत नाही. हिचं जास्त चांगलं आहे. पहिलं आडवं हेच घ्यायचं.’

मी ते तीनदा वाचलं. मग अजिंक्यला विचारलं, “काय म्हणतात रे याला?” तो म्हणाला, “हिंदी में तो ‘आला’ बोलते हैं. मराठीत...” आणि सवयीनं किचनकडे तोंड करून त्यानं हाक मारली, “आई, ते भिंतीतलं...”

आम्ही दोघांनी मिळून ती काच परत चिठ्ठ्यांवर ठेवली.

तिथूनच मी कुलकर्णी काकांना फोन केला, अंक छापीलच निघेल म्हणून. ते म्हणाले, “अगं पण शब्द?” मी म्हटलं, “ते विचारीन मी सगळ्यांना. माझ्याकडे सूत्रं आहेत.” मग देशपांडे आजोबांना फोन केला. भिंतीचा खिसा म्हणताच त्यांना आलं. सांगितलं मात्र नाही, नुसते हसत बसले. मला दोन दिवस लागले. तुम्हाला कदाचित लगेच आलं असेल, पण मीसुद्धा इथे लिहीत नाहीये.

टेबल आता माझ्या खोलीत आहे, सगळ्या चिठ्ठ्या होत्या तशा. परवा आजोबांचा सकाळी सकाळी फोन आला. गाझियाबादला धूर इतका की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. “आज सूर्य बघितलास का? भिजवलेल्या पापडासारखा दिसतोय.” मी म्हटलं आजोबा, एक मिनिट, होल्ड करा. हाताशी कंपनीच्या बसचा जुना पास होता, त्याच्या मागे लिहिलं, ‘भिजवलेला पापड, दोन अक्षरी. देशपांडे, गाझियाबाद.’ काच जड आहे, एका हातानं उचलवत नाही. फोन खाली ठेवला, दोन्ही हातांनी काच उचलली आणि चिठ्ठी आत सरकवली. फोनमधून आजोबा अगदी काकूंसारखं विचारत होते, “काय करून राहिलीस गं?”