बाबांचा पाय आणि माझं संशोधन

मी घरी बसून संशोधन करते, असं बाबा नागपूरच्या नातेवाइकांना सांगतात. भोपाळात शेजाऱ्यांनाही ते हेच सांगतात, फक्त हिंदीत: "बिटिया संशोधन करती है।" शब्द एकच आहे, पण मराठीत त्याचा अर्थ रिसर्च आणि हिंदीत दुरुस्ती. त्यामुळे नागपूरची आत्या मला शास्त्रज्ञ समजते आणि अयोध्या नगरातल्या आमच्या गल्लीतल्या आंटी मुलांचे इंग्रजी निबंध तपासायला घेऊन येतात. खरं काय ते गल्लीला ठाऊक आहे. मी डॉक्टरांनी लिहिलेल्या शोधनिबंधांचं इंग्रजी दुरुस्त करते. आत्याचा गैरसमज मी कधी दूर केला नाही. त्यासाठी फोनवर बराच वेळ बोलावं लागलं असतं.

गेली काही वर्षं माझ्याकडे बहुतेक लेख रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचेच येतात. पायाची धमनी बंद पडली तर ती बायपास करायची की जांघेतून बारीक तार घालून बलूनने आतून उघडायची, यावर जगभर किती लिहिलं जातं ते मला मजकुराच्या ढिगावरून कळतं. एक मोठा अभ्यास म्हणतो, रुग्णाची स्वतःची चांगली शीर मिळत असेल तर बायपास बरा. दुसरा म्हणतो, नाही, आधी बलून करा. मी दोघांचेही स्वल्पविराम नीट करते आणि पुढच्या लेखाकडे वळते. एक दुरुस्ती मात्र मला जवळजवळ प्रत्येक लेखात करावी लागते. डॉक्टर लिहितात की रुग्ण उपचारात नापास झाला. मी ते बदलून उपचार नापास झाला असं करते. एखाद्या लेखकाला राग येतो, पण बहुतेक जण ऐकतात.

बाबा इथल्या कारखान्यातून निवृत्त झाले. संध्याकाळी भाजी आणायला चालत जाणं हे त्यांचं काम. मागच्या हिवाळ्यात भाजी यायला उशीर होऊ लागला. एकदा मी सोबत गेले तेव्हा पाहिलं, ते मध्येच थांबत होते. थांबायला त्यांना काहीतरी निमित्त लागायचं. कुणाच्या फाटकावरची कोचिंग क्लासची जाहिरात वाचायची, टोमॅटोचा भाव विचारायचा आणि घ्यायचे नाहीत. पोटरी दुखते म्हणून थांबतात हे मला दिसत होतं. त्यांना ते सांगायचं नाही हेही दिसत होतं, म्हणून मीही जाहिरात वाचली. घरी आल्यावर आईला सांगितलं.

"शुगर आहे, सिगरेट ओढली जन्मभर, आता पाय बोलणारच," आई म्हणाली.

"बंद करून किती वर्षं झाली," बाबा म्हणाले.

"तुम्ही बंद केली. पायाला कळलं नसेल."

मग नव्या सँडलने उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट घासलं. साधी जखम, पण ती भरेना. बोटाचं टोक आधी जांभळं आणि मग काळं पडलं. जवळच्या एका डॉक्टरांनी बोट काढून टाकायला सांगितलं. मला माझ्या लेखांमधलं एक वाक्य आठवलं: रक्त पोचत नसेल तर कापल्याची जखमही भरत नाही, आणि मग कापणं वर वर सरकत जातं. त्या डॉक्टरांसमोर मी काही बोलले नाही. रिक्षात बसल्यावर बोलले.

"आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरात असं ठरवून बोलत नाही. "चल," ते म्हणाले.

आईलाही घेऊन आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात गेलो. तिथे बाहेरच्या बाकांवर सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत होते. चेहऱ्याकडे कुणी बघत नव्हतं. एका पायात बूट आणि दुसऱ्यात पट्टी, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात मोठी मोजडी. एक गृहस्थ फक्त एकाच पायाने आले होते. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी आपले दोन्ही पाय बाकाखाली घेतले.

डॉक्टर चाळिशीचे असतील. त्यांनी बाबांना उंच पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली स्टुलावर बसून पाय हातात घेतला. तपासण्या झाल्या, धमन्यांचे फोटो निघाले. गुडघ्याखालच्या तीन धमन्यांपैकी दोन बंद होत्या आणि तिसरी अर्धवट.

"अंकल, पहले ख़ून पहुँचाएँगे, फिर देखेंगे काटना क्या है," ते म्हणाले. बायपाससाठी लागणारी शीर बाबांच्या पायात फार बारीक होती, म्हणून बलूनच करायचा होता. इथपर्यंत सगळं मी वाचलेलं होतं, आणि कुणीतरी माझ्या घरच्या पायाबद्दल ते शांतपणे बोलत होतं याचं मला बरं वाटलं.

पुढे ते म्हणाले, "इसमें हम एक शोध भी कर रहे हैं।"

बलून दोन तऱ्हेचे. एक साधा आणि एक औषध लावलेला, म्हणजे धमनी पुन्हा आवळू नये म्हणून. मांडीत औषधाचा बलून उपयोगी पडतो असं दिसलंय, पण गुडघ्याखाली काही ठिकाणी फायदा दिसतो आणि काही ठिकाणी दिसत नाही. बाबांची तयारी असली तर कोणता वापरायचा ते कंप्यूटर ठरवणार आणि बाबांना ते सांगितलं जाणार नाही. तयारी नसली तरी उपचार होणारच, मग डॉक्टर स्वतः ठरवतील.

"आपको क्या लगता है, कौन सा अच्छा है?" बाबांनी विचारलं.

"सच बताऊँ? मुझे नहीं पता। पता होता तो शोध क्यों करता।"

बाबा हसले. त्यांना तो माणूस तिथेच आवडला, हे मला समजलं. आईला आवडला नाही. डॉक्टरांनी हिंदीत छापलेलं माहितीपत्रक दिलं, घरी वाचून उद्या या म्हणाले. रिक्षात आई सुरू झाली.

"शोध म्हणे. अजून शोधूनच राहिले का? सापडल्यावर बोलवा म्हणावं."

"अगं आई, हिंदीत शोध म्हणजे संशोधन," मी म्हणाले.

"माहीत आहे मला. पस्तीस वर्षं झाली इथं येऊन. पण ज्याला माहीतच नाही तो डॉक्टर कसला?"

"ज्याला सगळं माहीत होतं त्याने बोट कापायला सांगितलं होतं," बाबा म्हणाले. आई गप्प झाली, पण फक्त आमच्या वळणापर्यंत.

घरी चहा झाल्यावर बाबांनी चष्मा लावून पत्रक मोठ्याने वाचायला घेतलं. ते नीट चाललं होतं. कंप्यूटरवाल्या परिच्छेदावर आई "लॉटरी" म्हणाली, बाबा "बरं" म्हणाले. मग एका वाक्यापाशी ते थांबले आणि त्यांनी ते पुन्हा वाचलं: "यदि रोगी उपचार में असफल रहता है, तो उसे अध्ययन से बाहर कर दिया जाएगा।"

"रोगी नापास?" आई म्हणाली. "म्हणजे यांनीच काहीतरी चुकीचं केलं असं? बलून फुगला नाही तर तो यांचा दोष?"

बाबांनी कागद खाली ठेवला. "आणि बाहर म्हणजे? बोट गेलं, पाऊल गेलं, तर पाय घेऊन घरी जा म्हणणार?"

ते वाक्य कुठून आलं असेल हे मला तत्क्षणी कळलं. इंग्रजीतलं तेच जुनं वाक्य, जसंच्या तसं हिंदीत उतरवलेलं. मी बाबांना सांगितलं की नापास रुग्ण होत नाही, उपचार होतो, आणि बाहेर म्हणजे फक्त अभ्यासाच्या मोजणीतून बाहेर.

"असं तुला वाटतं की असं आहे?" बाबांनी विचारलं.

मी शेकडो लेख वाचलेत, पण हे पत्रक लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते मला माहीत असायचं कारण नव्हतं. "विचारावं लागेल," मी म्हणाले.

"मग विचार तू. तुझंच क्षेत्र आहे ते."

अनोळखी माणसाला, तेही पांढऱ्या कोटातल्या, तोंडावर प्रश्न विचारणं मला शाळेपासून जमत नाही. कामात मी रोज नामवंत डॉक्टरांना प्रश्न विचारते, पण ते समासात. आमच्याकडे त्याला लेखकाला विचारणा म्हणतात. वाक्याशेजारी एक खूण आणि नम्र प्रश्न. मी पेन्सिल घेतली आणि त्या हिंदी वाक्याशेजारी तेच केलं: "कृपया स्पष्ट करें। असफल रोगी होता है या उपचार? अध्ययन से बाहर होने के बाद पैर का इलाज कौन करेगा?" बाबांनी वाचलं आणि शेवटच्या प्रश्नाखाली बोटाने रेघ ओढल्यासारखं केलं. मी पेन्सिलने ती रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा मी कागद पुढे सरकवला आणि टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बाबाच बोलले.

"मेरी बेटी संशोधन करती है। इसी विषय में।"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टरांनी वर पाहिलं. "करेक्शन?"

"जी," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या त्या वाक्याचा बरोबर अर्थ योग्य माणसापर्यंत पोचला होता.

त्यांनी समासातला प्रश्न वाचला. मग ते वाक्य वाचलं आणि खुर्चीत मागे टेकून हसले, पण आम्हाला हसत नव्हते. "ये तो मैंने ध्यान ही नहीं दिया। अंग्रेज़ी से सीधा उतार दिया किसी ने।" मग ते आईकडे वळले, कारण आई त्यांच्याकडे रोखून बघत होती. "आंटी, फेल हम होंगे, अंकल नहीं।"

"और बाद में?" आई सोडणार नव्हती.

"बाद में भी मैं ही देखूँगा। बंद हुआ तो फिर खोलेंगे। दूसरा बलून लगे, ऑपरेशन लगे, जो पैर के लिए ठीक हो। स्टडी से बाहर, अस्पताल से नहीं।" त्यांनी मूळ इंग्रजी प्रत काढून ते कलम दाखवलं. तिथे पुढे आणखी एक ओळ होती, उपचार चालू राहतील अशी. हिंदीत ती गळली होती. मी ती वाचली, दोनदा वाचली, आणि बाबांकडे बघून मान हलवली. आता वाटत नव्हतं, माहीत होतं.

"छापील कागद बदलायला कमिटीकडून संशोधन करून घ्यावं लागेल," अशा अर्थाचं काहीतरी डॉक्टर त्यांच्या सहायकाला हिंदीत म्हणाले. नवा कागद मंजूर होईपर्यंत कुणाला अभ्यासात घेता येणार नव्हतं, आणि आमचं बोट तोवर थांबणार नव्हतं.

"तो आप जो ठीक समझें वो कीजिए," बाबा म्हणाले. "आपके शोध में हम नहीं आ पाए, ये अफ़सोस है।"

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. मग थोडा विचार करून म्हणाले की साध्या बलूनने सुरुवात करू, आणि कारण काय तेही नीट सांगितलं.

बलूनच्या दिवशी बाबा जागे होते, फक्त जांघेत बधिर केलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, समोरच्या पडद्यावर आपला पाय दिसत होता, उन्हाळ्यातल्या नदीसारखा, इथे थोडं पाणी, तिथे थोडं. मग एक धार खालपर्यंत गेली. आई म्हणाली, "पुरे, झोपा आता." पाऊल कोमट झालं होतं. तिने चादरीखाली हात घालून ते धरून ठेवलं होतं, आणि परिचारिका आली की ती चादर सारखी करत असल्यासारखं दाखवायची.

बोटाचं काळं टोक पुढे काढावं लागलं. वरचं पेरच गेलं. बाबा थोडे दिवस उदास होते. आत्याचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पोरीच्या संशोधनामुळे पाय राहिला." फोन माझ्याकडे आला. मी आत्याला खरं सांगायला सुरुवात केली, की मी फक्त एक वाक्य नीट केलं, पाय तर डॉक्टरांनी वाचवला. आत्या म्हणाली, "हो गं, शास्त्रज्ञ नम्रच असतात." मी नाद सोडला.

ड्रेसिंग बराच काळ चाललं. दर खेपेला जखम थोडी लहान दिसायची. मग एका सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि नवी बांधलीच नाही. बोट आखूड झालं होतं, टोकाला गुलाबी, ताणलेली, चकचकीत कातडी आली होती. पुन्हा धमनी आवळू शकते, दर काही महिन्यांनी दाखवायला या, रोज चाला, दुखलं की थांबा आणि मग परत चाला, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी सगळ्याला मान डोलावली आणि मग एवढंच विचारलं की आता पाय धुतला तर चालेल का.

"बिल्कुल। बस पोंछकर सुखाना।"

घरी येऊन ते थेट अंगणातल्या नळाशी गेले. विजार वर करून त्यांनी उजवं पाऊल नळाखाली धरलं. आई आतून ओरडली, "अहो, घसराल." ते म्हणाले, "तू ये मग धरायला." ती पदर खोचून आली आणि तिने त्यांचं कोपर धरलं. पाणी पावलावरून, चार बोटांवरून आणि त्या आखूड बोटावरून वाहत होतं. बराच वेळ कुणी नळ बंद केला नाही. मग मी आतून कोरडा टॉवेल आणला आणि बोटांच्या मधल्या जागा एकेक करून पुसल्या.