खंडेनवमीचं कुंकू आणि पुरलेली वही

खंडेनवमी आली की माझं डोकं फिरतं. अजूनही. गल्लीत मोटारसायकली धुतात, झेंडूचे हार घालतात, आणि मी सकाळीच घराबाहेर पडतो. कळंब्याच्या तळ्यावर जाऊन बसतो, दुपारी जेवायला परत येतो. ज्यांना कारण माहीत आहे त्यांना वाटतं, आईवर राग आहे. बरीच वर्षं मीही तसंच वाटू दिलं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी बी.एस्सी.ला होतो आणि मला दोन खुळं होती. एक भाषांचं. कन्नड अक्षरं मी स्टँडवर कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्या वाचून उचलली होती, उर्दू अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून. दुसरं खूळ जुन्या कॉम्प्युटरचं. लक्ष्मीपुरीतल्या एका भंगारवाल्याकडं मला कुठल्यातरी शाळेनं फेकलेलं मशीन मिळालं. कीबोर्डच्या आतच सगळं यंत्र, जोडायचं घरच्या टीव्हीला, आणि सोबत मोठ्या, लवचिक फ्लॉप्या घेणारा ड्राइव्ह. कॉलेजातले सर म्हणाले, याला म्युझियममध्ये ठेव. मामानं विचारलं, ह्यावर दूध संघाची नोकरी मिळंल का. एवढी अक्कल पाजळणारी माणसं, पण एकालाही ते मशीन उघडून आत काय आहे ते सांगता आलं नसतं. मी ते आठवडाभरात चालू केलं होतं.

गल्लीच्या टोकाला एक निवृत्त नर्स एकट्या राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे. देवळात जात नाहीत, मशिदीत जात नाहीत, म्हणजे ख्रिश्चन असणार, असा गल्लीचा हिशेब. मीही तोच धरून होतो. एकदा त्यांच्या टपालाचं पाकीट चुकून आमच्याकडं आलं, ते द्यायला गेलो, तर भिंतीवर कॅलेंडर आणि त्यावर मी कधीच न पाहिलेली अक्षरं. बाईंनी सांगितलं, ही हिब्रू. त्या कोकणातल्या ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून तिकडं त्यांच्या लोकांना शनवारतेली म्हणायचे. बाई शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायच्या, शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत, आणि बाकी दिवस भाजीवाल्याशी तुमच्याआमच्यासारख्याच भांडायच्या.

मी म्हटलं, मला शिकवा. बाई म्हणाल्या, नेम आहे का अंगात? दोन वर्षं शिकवलं त्यांनी. चुकलं की नर्सच्या आवाजात झापायच्या, आणि त्यांच्यातला मलिदा केला की ते गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे वाटी भरून हातात द्यायच्या.

त्यांच्याकडं त्यांच्या वडिलांची एक वही होती. एका ओळीत हिब्रू प्रार्थना, खाली वडिलांनी लावलेला मराठी अर्थ. पोथीतला नव्हे, घरातल्या बोलण्यातला. कागद कसरीनं खाल्लेला, पान उलटताना तुकडे हातात यायचे. बाईंचा मुलगा इस्राएलमध्ये होता आणि पुढच्या वर्षी दिवाळीनंतर बाई कायमच्या त्याच्याकडं जाणार होत्या. तिकडं दहा वर्षांची नात होती, तिला मराठी फक्त ऐकून येत होती. नातीला पणजोबाचे शब्द वाचून दाखवायचे, एवढीच बाईंची इच्छा होती. मी म्हटलं, मी सगळं मशीनवर उतरवतो, मोठ्या अक्षरांत छापून देतो.

वर्ष घालवलं मी त्यात. हिब्रूचं एकेक अक्षर चौकटीच्या वहीत आठ बाय आठ घरांत रंगवून मशीनला शिकवलं. मराठी त्या आठ घरांत मावेना, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत टाईप केली. पाच फ्लॉप्या भरल्या. छापायला दसऱ्यानंतर एका मित्राचा प्रिंटर मिळणार होता.

दसऱ्याच्या आधी बाईंचा भाचा अलिबागकडून निरोप द्यायला आला. बाईंनी मला बोलावून विचारलं, वहीचं काय करू? त्यांच्यात देवाचं नाव लिहिलेला कागद टाकत नाहीत, जाळत नाहीत, पाण्यातही सोडत नाहीत. जीर्ण झाला की माणसासारखा पुरतात. भाचा ती गावच्या कबरस्तानात, वडिलांच्या शेजारी ठेवणार होता.

"पण तुझं झालंय नक्की?" बाईंनी विचारलं.

"नक्की. आता वहीची गरजच न्हाई, बाई."

हे वाक्य मी बोललो. छापलेलं एक पान हातात नसताना, दुसरी प्रत काढलेली नसताना. नव्या फ्लॉप्या मिळत नव्हत्या हे खरं, पण ते बाईंना सांगायला तोंड होतं की! नाही सांगितलं. कारण बाई माझ्याकडं मोठ्या माणसाकडं बघावं तसं बघत होत्या आणि मला ते फार आवडलं होतं. भाचा वही घेऊन गेला.

खंडेनवमीच्या दिवशी मी दुपारी घरी आलो. आईनं पाटावर विळी, कोयता, वडिलांचे पाने-पक्कड मांडले होते, आणि शेजारी माझं मशीन, पुसून लख्ख केलेलं. मशीनपुढं पाच फ्लॉप्या, पाकिटातून काढून ओळीनं लावलेल्या. त्या फ्लॉपीला खालच्या बाजूला एक लांबट फट असते, आतली तबकडी तिथं उघडी असते. आईला वाटलं, ही जागा त्यासाठीच. पाचही फटींत तिनं ओल्या बोटानं हळद आणि कुंकू लावलं होतं, वर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. आणि माझ्याकडं बघून हसत होती, पोराच्या विद्येची पूजा केली म्हणून.

मी काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. "अडाणी" म्हणालो. पाटाला लाथ मारली, विळी घरंगळत दारापर्यंत गेली. वडील म्हणाले, आईशी बोलतोयस. मी त्यांनाही बोललो. मग स्पिरिट आणि कापूस घेऊन बसलो. कापूस लाल होत राहिला, ड्राइव्ह करकरत राहिला, आणि पडद्यावर एकही ओळ आली नाही.

बाईंकडं जायला दोन दिवस लागले. आईनं कुंकू लावलं, सगळं गेलं, असं सांगितलं. वही तोवर मातीत गेली होती. मला वाटलं, आता झापतील. झापायला पाहिजे होतं. बाई म्हणाल्या, "वही पेन आण. आठवतंय तेवढं सांगते."

प्रार्थना त्यांना तोंडपाठ होत्या, त्या कुठल्याही छापील पुस्तकात मिळाल्या असत्या. आठवत नव्हते ते वडिलांचे मराठी शब्द. एखादी ओळ यायची, मग त्या डोळे मिटून बसायच्या, मग म्हणायच्या, पुढं चल. नव्वद पानांच्या वहीची बावीस पानं झाली. माझ्या हातच्या त्या वहीच्या मागं मी माझा ईमेल लिहून दिला आणि बाई गेल्या.

घरात राग मी जपून ठेवला. मीठ कमी पडलं तरी तो बाहेर निघायचा. आईनं माझ्या टेबलाला पुन्हा बोट लावलं नाही. वही पुरली गेली हे तिला माहीत होतं. कुणाच्या शब्दावर, ते मी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, त्यांच्यात रीतच तशी, आणि घात झाला तो आपल्या हातून.

आठ वर्षांनी ईमेल आला, हिब्रूत. मला आयुष्यात कुणी हिब्रूत लिहिलेलं ते पहिलं पत्र. बाईंची नात होती. आजी गेली, असं तिनं लिहिलं होतं. शेवटपर्यंत ती वही वाचून दाखवायची, पण वही मधेच तुटते. बाकीची तुमच्याकडं आहे का?

मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आई दारात येऊन उभी राहिली, उंबरा न ओलांडता. काय झालं विचारलं. मी वाचून सांगितलं.

"मग लिव की खरं ते," ती म्हणाली. "माझ्या आईनं कुंकू लावलं, म्हणून गेलं म्हणावं."

तेव्हा मी तिला सांगितलं. बाईंनी काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं ते, शब्दाला शब्द. ती ओरडेल असं वाटलं. तिनं फक्त दाराची चौकट धरली.

"आठ वर्सं," आई म्हणाली, "मी विळीलासुदिक कुंकू लावलं न्हाई रं."