जनीच्या दारातला दगड

पनवेलच्या कोळीवाड्यात जनीला फसवणं म्हणजे चिखलातला निसरडा निवटा मासा हाताने धरण्यासारखं. उभा जन्म बाजारात मासळी विकण्यात गेलेला. गिऱ्हाईक पाटीशी वाकलं की ते घेणार की नुसता भाव विचारून जाणार, हे ती त्याच्या चपलांवरून सांगायची. तिचा विश्वास दोनच गोष्टींवर, एकवीरा आईवर आणि स्वतःच्या डोळ्यांवर. त्यातही आईला नवस बोलून झाला की मधूनमधून आठवण करून द्यायला ती विसरत नसे. नवरा दादू या विश्वासात कधी बसलाच नाही.

बिचारा दादू! खाडी गाळाने भरली, होडी विकली, आणि त्याच्याकडे गोष्टींशिवाय काही उरलं नाही. ताटावर बसला की सुरू: माझा आजा, त्याचं गलबत, बंदरातली गर्दी. जनी भाकरी वाढता वाढता म्हणायची, "आयकलंय. जेव." पुढे पुढे त्याने सांगायचंच सोडलं. आणि मरायच्या आदल्या वर्षी मात्र तो दर रविवारी धुतलेला सदरा घालून कुठेतरी जायला लागला.

आता कोळ्याच्या घरात रीत अशी की नवऱ्याने जाळं टाकावं आणि मासळी, भाव, पैसा, सगळं बायकोने बघावं. तिथे बायकोला ठाऊक नसलेलं नवऱ्याचं काम असणार तरी कुठलं? शेवटी शेजारच्या भामाने बातमी आणली. "तुजा दादू एसटी स्टँडपाशी च्या पितो. कोन मोटारसायकलवाला हाय. तो फोन पुढं धरतो नि ह्यो बोलत रातो."

जमिनींना भाव आल्यापासून मोटारसायकलवाल्याबरोबरचा चहा कशात संपतो, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. जनीने दादूला खोदून खोदून विचारलं. तो नुसता हसला. "कोन नाय गं," म्हणाला. पुढे तो गेला, आणि जनीच्या मनात किडा ठेवून गेला. ह्याने घर कुणाच्या घशात घातलं?

वर्षभराने अनोळखी माणसं यायला लागली. रविवारी, बाजार उठल्यावर. पाठीला सॅक, कानात बोंडं, हातात फोन. बरोबर वाट दाखवणारं कुणी नाही, तरी सगळी नेमकी हिच्याच दारासमोर थांबायची. फोनकडे बघायची, निळ्या दरवाजाकडे बघायची आणि वाकून दारातल्या दगडाला हात लावायची. एकदा एकजण तर हिच्याकडे बघून हसला.

"काय बगता?" जनीने विचारलं.

"हिस्टरी, आजी," तो म्हणाला.

हिस्टरी! मोजायला आलेला माणूस मोजायला आलोय असं सांगतो का कधी? मोजणीवाले दगडावरून हद्द धरतात आणि हद्दीवरून घर, एवढं तिने ऐकलं होतं. हा दगड तर सासऱ्याच्याही आधीपासूनचा. तिने त्यावर जन्मभर मासळी कापली. दगडच नसला तर मेले मोजतील काय?

झालं. एका शनिवारी दुपारी तिने भामाला बोलावलं. दोघींनी पहारीने दगड उकरला, लोटत लोटत परसात नेला आणि त्यावर पाण्याचं पिंप ठेवलं. खड्डा बुजवून वर मासळीची खवली टाकली. काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी एकटीच आली. थांबली. खाली बघितलं, चार पावलं मागे गेली, परत आली, पायाने माती चाचपली. जनी पायरीवर विळी घेऊन बसली होती, मनातून खूश.

"आजी, इथे एक दगड होता ना?"

"हितं? कवाच नवता."

"पण आजोबा म्हणतात, पायाशीच आहे."

"कोन आजोबा?"

मुलीने कानातलं बोंड काढलं आणि फोनचा आवाज मोठा केला.

"...पायाशी दगड हाय बगा. माज्या आज्याचं गलबत त्याला बांधायचे. तवा पानी हितवर यायचं. आता आमची जनी त्याच्यावर मासळी कापते. ह्यो निळा दरवाजा, ते घर तिचं. तिनंच मासळी विकून बांधलं, मी नुसता रातो. बाई समोर आसंल तर काय इचारू नका, आंगावर येल. दगडाला हात लावा नि पुढं चला."

जनीने विळी बाजूला सारली.

"ह्यो कुटं घावला तुला?"

मुलीचं नाव प्रांजल. तिने सांगितलं, कमलाकर सर म्हणून एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी जुन्या पनवेलची एक फेरी बनवलीय. आपलं आपण चालायचं, एकेका ठिकाणी थांबलं की फोन बोलतो. खाडीकडच्या सगळ्या गोष्टी या आजोबांच्याच आवाजात आहेत.

"तो मास्तर मोटारसायकलवर फिरतो?"

"हो."

"आनि घर? घर कोनाला दिलं त्यानं?"

"कुठलं घर?" प्रांजलला काहीच कळेना.

जनीला आधी राग आला. "परक्यांना सांगत बसला! घरात सांगाया काय तोंड..." आणि ती मध्येच थांबली. घरात काय झालं होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने पदर तोंडाला लावला आणि त्या अनोळखी पोरीसमोर हुंदके देऊन रडली.

मग तिने भामाला हाक मारली. पिंप रिकामं केलं, तिघींनी रेटून दगड परत जागेवर बसवला. जनीने तो पाण्याने स्वच्छ धुतला.

"पोरी, पुढं काय सांगतो तो?"

"पुढे बंदराची गोष्ट आहे. पण ती ऐकायला तिथवर चालत जावं लागतं, आजी."

जनीने दाराला कडी घातली. दोघी खाडीच्या काठाला आल्या. जिथे पूर्वी बंदर होतं तिथे आता गाळ आणि झुडपं. प्रांजलने फोनवर बोट ठेवलं आणि दादूने सुरुवात केली, "माजा आजा..."

प्रांजलने आवाज थांबवला. "ही तर तुम्ही कितीदा तरी ऐकली असेल, ना?"

"नाय," जनी म्हणाली. "मोट्यानं लाव."